अ‍ॅम्बेसेडर मार्क ४ : १४८९ सीसी इंजिनाचं हेड उतरवलंय, पुढचं कसं करावं?

मार्कफोर | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

घरी १९८६ची अ‍ॅम्बेसेडर मार्क ४ आहे, पेट्रोल. वडिलांनी १९९१ साली सेकंडहँड घेतली. ते पशुवैद्य होते. सगळी नोकरी भुदरगड-आजरा भागात झाली आणि रात्री-अपरात्री अडलेली म्हैस सोडवायला ते याच गाडीनं जायचे. आता ८१ वर्षांचे आहेत. गाडी चालवत नाहीत, पण रविवारी पुढच्या सीटवर बसून रंकाळ्याला चक्कर झाल्याशिवाय त्यांना करमत नाही. हे आधी सांगितलं, कारण मला इंजिन बदलायचं नाही. हेच हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण) नीट करायचं आहे.

मे महिन्यात सावंतवाडीहून परत येताना आंबोली घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली, तासभर थांबलो, पाणी घातलं आणि घाट चढून वर आलो. आजऱ्याच्या अलीकडे मिसिंग सुरू झालं. घरी आणली ती टोइंग करूनच.

लक्षणं अशी : थंड इंजिन चालू केलं की रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरी साय. कॉम्प्रेशन घेतलं तर पुढून मागे १२५, ६०, ५५, १२० पीएसआय. मधल्या दोन्हीत चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं, आकडा हलला नाही. म्हणजे रिंगा ठीक, वरच काहीतरी आहे असं समजून काल हेड उतरवलं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटची २ आणि ३ नंबरच्या मधली पट्टी जळून काळी पडली आहे. ३ नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी एक केसासारखी रेघही दिसते. चर (तडा) आहे की ओरखडा, कळत नाही.

आणखी एक गोष्ट. गेली तीन-चार वर्षं एक्झॉस्टचे टॅपेट सतत टाइट होत होते. गॅप (व्हॉल्व्हचा दांडा आणि तो दाबणारा रॉकर यांच्यामधली फट) लावायचा, पाच-सहाशे किलोमीटरनंतर परत कमी.

इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड कामाला टाकायचं आहे. तिथे जाऊन नेमकं काय सांगू? सरळ फेसिंग (खालचा पृष्ठभाग मशीनवर कापून सपाट करणं) मारायला सांगू का?

---

उद्यमनगरी | ८ जून, रात्री १०:१५

फेसिंगला टाकू नका. आधी मोजा.

मी ३८ वर्षं बोरिंग मशीनवर आणि हेडच्या कामात काढली, शिवाजी उद्यमनगरातच. आमचे वस्ताद सांगायचे, "आधी मोजू या, मग बगू. कापल्यालं लोखंड परत चिकटवता येत न्हाई." आजवर मी बघितलेल्या बाद हेडांपैकी बरीच हेडं आधी कुणीतरी विचार न करता दोन-दोन वेळा फेसिंग मारलेली होती.

पहिला प्रश्न, हेड उतरवताना नट कसे सैल केले? या इंजिनाला हेडचे ११ नट. त्यातले चार नट रॉकरचे पेडेस्टलही धरून ठेवतात. पुष्कळ जण रॉकर शाफ्ट आधी काढायचा म्हणून तेवढे चार पूर्ण सोडतात. मग हेड एका बाजूनं मोकळं आणि दुसऱ्या बाजूनं आवळलेलं राहतं, आणि चांगलं हेडसुद्धा तिथंच पीळ खातं. अकराच्या अकरा नट क्रमानं, पाव-पाव आटा सैल करत आले पाहिजेत. पाणी त्याच्याही आधी काढायचं, नाहीतर रॉकरचे नट सुटताच ते गळून ऑइलमध्ये उतरतं.

दुसरं, पुशरॉड काढताना पिरगाळून काढले का? सरळ वर ओढले तर ऑइलच्या चिकटपणानं खालचा टॅपेट सोबत उचलला जातो आणि आत तिरका पडतो.

---

मार्कफोर | ८ जून, रात्री १०:५०

काका, नट मॅन्युअलच्या क्रमानंच सैल केले, सगळे मिळून. पुशरॉड पिरगाळून काढले आणि पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबरवार लावून ठेवलेत. हेड मात्र स्टडवरून सुटत नव्हतं. पाचर किंवा स्क्रूड्रायव्हर घातला नाही. प्लग परत लावले आणि पुढून हँडल मारलं. १ आणि ४ चं कॉम्प्रेशन शाबूत होतं, त्या दाबानंच हेड 'टक्' आवाज करून उठलं.

---

उद्यमनगरी | ८ जून, रात्री ११:०५

छान. मग हेडला नवीन पीळ बसला नसणार. आता सरळ पट्टी आणि फीलर गेज घ्या. लांबीच्या दोन्ही कडांनी, मधून आणि दोन्ही कर्णांवर मोजा. आडवंही मोजा. सगळे आकडे इथे टाका. आणि ब्लॉकचा माथासुद्धा मोजा, तो सगळे विसरतात. स्टडच्या भोकाभोवतीचं लोखंड वर ओढलं जाऊन कंगोरा येतो. तो राहिला तर फेसिंग मारलेलं हेडही टेकत नाही.

---

कुर्ला१०८९ | ९ जून, सकाळी ८:२०

माझी प्रीमियर पद्मिनी आहे, त्यामुळे मुंबईकडून दोन शब्द. तुमचं हेड बिडाचं, आमचं अ‍ॅल्युमिनियमचं. ब्लॉक आमचाही बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम तापलं की जास्त पसरतं, त्यामुळे आमच्याकडे तडा जाण्याआधी हेड वाकतं. साधं पाणी भरलं की पाण्याच्या भोकांच्या कडा खाऊन जातात. मी हेड उतरवलं तेव्हा दोन भोकांच्या कडा गॅस्केटच्या रेषेपर्यंत कुरतडल्या होत्या. तिथे वेल्डिंगनं भर घालून मग फेसिंग करावं लागलं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं पुरी झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सीवाल्यांकडून मी एक सवय घेतली : रेडिएटरचं झाकण आठवड्याला थंड इंजिनावर उघडून बघायचं. पाणी तांबूस दिसलं की हेडचं काम जवळ आलं.

तुमच्या गाडीत कूलंट होतं की पाणी?

---

मार्कफोर | ९ जून, रात्री ८:३०

बोअरचं पाणी. आज त्याचाच पत्ता लागला. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेनचा नळ उघडला तर एक थेंब आला नाही. तार घातली तेव्हा आधी लाल चिखल आणि मग पाणी. ब्लॉकच्या मागच्या भागात हा गाळ बोटभर साचलेला. रेडिएटरच्या खालच्या नळ्यांपैकी तिसरा हिस्सा बंद. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) जागी नुसतं रिकामं घर. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये 'गाडी गरम होते' म्हणून तो काढून टाकला होता आणि मीही ते मान्य केलं होतं.

मोजमाप : हेड लांबीच्या मध्यावर ६ थाउ पोकळ, म्हणजे ०.१५ मिमी. कर्णांवर ५ आणि ६. आडवं १ थाउच्या आत. ब्लॉक २ थाउच्या आत, पण दोन स्टडांभोवती कंगोरा आहे, नखाला लागतो.

---

नवशिका | ९ जून, रात्री ९:१०

मधेच विचारतो. थाउ म्हणजे किती? आणि जळतं ते नेमकं २ आणि ३ च्या मधेच का? माझ्या काकांच्या अ‍ॅम्बेसेडरचंही तिथेच गेलं होतं.

---

रॉकरशाफ्ट | ९ जून, रात्री ९:५५

थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. कागदाचं एक पान साधारण ४ थाउ जाड असतं. म्हणजे मार्कफोर यांच्या हेडच्या मध्याखालून दीड पान सरकेल.

दुसरा प्रश्न मी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना दरवर्षी हेड समोर ठेवून शिकवते. हे इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरीज. बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. हार्टच्या आकाराची ज्वलनपोकळी हॅरी वेस्लेक यांच्या डिझाइनची. व्हॉल्व्ह आठ, पण पोर्ट पाचच. पुढून मागे मोजत गेलं तर क्रम असा येतो : एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट. १-२ चे इनलेट एका पोर्टवर आणि ३-४ चे दुसऱ्या. एक्झॉस्टमध्ये १ आणि ४ ला आपापलं तोंड आहे, २ आणि ३ ला मिळून मात्र मधलं एकच. दोन चुलींना एक धुराडं. शेजारी शेजारी असलेले ते दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडचा सगळ्यात तापणारा भाग. त्याच जागी ब्लॉकमधला गाळ पाणी अडवत असेल तर उष्णता जाणार कुठे? लोखंड फुगायला बघतं, नट फुगू देत नाहीत, आणि थंड झाल्यावर ते आकसून तिथं पोकळ बसतं. गॅस्केटची पट्टी तिथंच अरुंद असते, ती जळते. व्हॉल्व्ह सीटपाशी चर पडते तीही याच कारणानं.

टॅपेट टाइट होण्याचं कारण वेगळं आहे आणि ते जास्त जुनं आहे. या हेडमध्ये सीट म्हणून वेगळी रिंग नसते, बिडातच ४५ अंशाची सीट कापलेली. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. जळल्यावर शिशाच्या क्षारांचा पातळ थर सीटवर बसायचा आणि तापलेला व्हॉल्व्ह सीटला चिकटायचा नाही. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं. ते आरोग्यासाठी झालं आणि झालं हे चांगलंच झालं. पण या बिडाच्या सीटचं संरक्षण गेलं. व्हॉल्व्ह दर आपटीला सूक्ष्म वेल्ड होतो, सुटताना लोखंडाचा कण ओढून नेतो. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकत आत बसतो, दांडा रॉकरकडे सरकतो आणि गॅप कमी होतो. घाट, ओझं आणि वेग असला की हे झपाट्यानं होतं. गावात हळू चालणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षं कळतही नाही.

म्हणून माझं मत : चार एक्झॉस्टला कठीण सीट इन्सर्ट (कठीण धातूच्या वेगळ्या रिंगा) टाका. इनलेट इतके तापत नाहीत, त्यांच्या सीट बिडाच्याच राहू द्या.

---

हायवेप्रेमी | १० जून, सकाळी ७:४५

सगळं वाचलं. मनापासून सुचवतो, राग मानू नका. १९९२ पासून अ‍ॅम्बेसेडरला १८१७ सीसीचं इसुझू इंजिन आणि पाच गिअर मिळाले. मी माझ्या गाडीत जुनं इंजिन ठेवून बघितलं, शेवटी इसुझू बसवलं. पुणे-कोल्हापूर आता न थांबता होतं. आरसी बुकात इंजिनची नोंद बदलून घ्यावी लागली, तेवढी एक पळापळ. हेडवर खर्च करून पुन्हा घाटात तापलं तर वाईट वाटेल.

---

मार्कफोर | १० जून, दुपारी १:२०

राग कशाचा, तुमचा अनुभव खरा आहे. रोज हायवेनं जायचं असतं तर मीही तेच केलं असतं. पण आमची गाडी आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर फिरते. वडिलांना या इंजिनाचा आवाज ऐकूनच गाडी कितव्या गिअरला आहे ते समजतं. त्यांची नजर आता अधू आहे, कान शाबूत आहेत. तो आवाज मला घालवायचा नाही.

आज हेड घेऊन उद्यमनगरात गेलो होतो. मिस्त्रींनी कॉस्टिकच्या टाकीत घालून धुतलं आणि चरीची तपासणी लावली. लाल रंग फवारला, पुसला, पांढरी पावडर मारली. ३ नंबरच्या एक्झॉस्ट सीटवरून एक लाल रेघ उमटली, इनलेटच्या दिशेनं, साधारण एक सूत लांब. म्हणजे तडाच. मनातून खचलो. मिस्त्री मात्र म्हणाले, "खोली किती हाय ते बगितल्याबिगर हेड टाकून द्यायचं न्हाई."

---

उद्यमनगरी | १० जून, दुपारी २:००

बरोबर बोलले. एक सूत म्हणजे तीन मिमीच्या आसपास. सीटवरून निघालेली तेवढी रेघ अनेकदा उथळ असते. इन्सर्टसाठी खड्डा कापताना ती लोखंडासकट निघून जाते. त्यांना सांगा, खड्डा एकदम पुऱ्या मापाला कापू नका. थोडा कापा, परत लाल रंग मारा, बघा. रेघ संपली तर जिंकलात. खड्ड्याच्या तळाशी रेघ शिल्लक राहिली तर थांबा, कारण खाली पाण्याची पोकळी आहे.

चर खोल निघाली तर दोन वाटा. पिना घालून थंड शिलाई, किंवा सबंध हेड भट्टीत तापवून वेल्डिंग आणि राखेत सावकाश थंड करणं. नुसतं इलेक्ट्रिक वेल्डिंग कुणी करतो म्हणाला तर हेड उचलून घरी या. थंड बिडावर वेल्ड मारलं की शेजारी नवीन चर पडतेच.

वेल्ड मोठ्या चरीला ठीक, पण दोन सीटच्या मधल्या अरुंद जागेत मी शिलाईही फार टिकलेली पाहिली नाही. तसं झालंच तर दुसरं हेड शोधायला मी मदत करीन.

---

लेस्टरहून | १० जून, रात्री ११:३०

मी मूळची सांगलीची, वीस वर्षं लेस्टरला. इकडे माझ्या यजमानांकडे १९५८ची एमजीए आहे, तिचंही इंजिन हेच १४८९ सीसी. उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत अ‍ॅम्बेसेडर बनत राहिली हे ऐकून इथल्या क्लबातली माणसं थक्क होतात, कारण ऑक्सफर्डजवळच्या काउलीत जन्मलेल्या मॉरिस ऑक्सफर्डची ती थेट लेक.

इथे बी-सीरीजचे गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या), कठीण सीट, व्हॉल्व्ह अजून नवीन मिळतात. पण भाग मागवताना एक काळजी घ्या. एमजीबीच्या १८०० सीसी इंजिनाचे व्हॉल्व्ह मोठे आहेत. 'बी-सीरीज' एवढंच बघून मागवू नका, जुना व्हॉल्व्ह मोजून माथ्याचा व्यास, दांड्याचा व्यास आणि लांबी तिन्ही जुळवा.

आणि जुनं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असलेलं असू शकतं. कोरडं खरवडू नका. पाणी शिंपडून ओलं करा, तोंडाला मास्क लावा, चुरा पिशवीत बांधून टाका. त्या धुळीचा त्रास तीस-चाळीस वर्षांनी समोर येतो. कृपा करून हे हलक्यात घेऊ नका.

---

मार्कफोर | १४ जून, रात्री ९:००

ताई, खूप आभार. ओलं करूनच काढलं.

आज खड्डे कापले. ३ नंबरवर आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. पहिल्या कापाला रेघ होती. दुसऱ्याला फिकट झाली. तिसऱ्या कापानंतर लाल रंग मारला, पुसला, पावडर मारली, पाच मिनिटं थांबलो. काही नाही. मिस्त्रींनी भिंगातून बघितलं, मला दाखवलं. परत एकदा मारून खात्री केली. चर गेली!

आता इन्सर्ट बसवायचे. मिस्त्रींनी इन्सर्टचा व्यास खड्ड्यापेक्षा ४ थाउ जास्त ठेवला आहे. ते प्रेसनं बसवतात, पण तिरकं गेलं तर खड्ड्याची भिंत खरवडते अशी त्यांची स्वतःचीच तक्रार. दुसरा काही उपाय?

---

रॉकरशाफ्ट | १४ जून, रात्री ९:३५

गार करा आणि तापवा. ३६ मिमीच्या आसपासचं इन्सर्ट द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला साधारण ३ थाउ आकसतं. हेड १०० अंशापर्यंत सारखं तापवलं तर खड्डा एक थाउभर मोठा होतो. चार थाउंचा ताण तेवढ्या क्षणापुरता जवळजवळ शून्य. हलक्या टोल्यानं तळाला बसतं.

अडचण एकच, द्रव नायट्रोजन आणायचा कुठून.

---

मार्कफोर | १४ जून, रात्री १०:१०

हे वडिलांना वाचून दाखवलं आणि ते खुर्चीतून उठलेच. कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्येच ठेवतात! त्यांनी पस्तीस वर्षं ते कंटेनर हाताळले, याच गाडीच्या डिकीतून गावोगाव नेले. लगेच एका जुन्या सहकाऱ्यांना फोन लावला. त्यांच्याकडे खासगी कामाचा छोटा कंटेनर आहे, दोन लिटर द्यायला तयार झालेत. परवा वडील स्वतः येणार आहेत वर्कशॉपमध्ये.

---

उद्यमनगरी | १४ जून, रात्री १०:२५

मीही येतो. किती वाजता?

---

मार्कफोर | १६ जून, रात्री ९:४५

आजचा दिवस लिहून ठेवतोच.

सकाळी अकराला वर्कशॉपचं शटर पूर्ण उघडं ठेवलं. बंद जागेत नायट्रोजन हवेतला प्राणवायू ढकलून देतो, हे वडिलांनी आल्या आल्या सगळ्यांना बजावलं. कातडी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. थर्माकोलच्या खोक्यात नायट्रोजन ओतला, चारी इन्सर्ट तारेला बांधून आत सोडले. आधी खळाखळा उकळी आली. वडील म्हणाले, "उकळी शांत झाली की समजायचं लोखंड तेवढंच गार झालं." रेतनाच्या कांड्यांचा हिशोब त्यांनी इन्सर्टला लावला आणि तो बरोबर होता.

हेड ओव्हनमध्ये तापत होतं. बाहेर काढलं, मिस्त्रींनी तार धरून पहिलं इन्सर्ट खड्ड्यावर ठेवलं, वर पितळी ड्रिफ्ट धरून एक टोला. तळाला टेकल्याचा आवाज वेगळाच येतो, भरीव. चारही मिळून दीड मिनिटही लागलं नाही, कारण दोन-तीन सेकंदांत इन्सर्ट गरम होऊन धरतं, मग हलवता येत नाही. उद्यमनगरी काका तिथेच उभे होते. त्यांची आणि वडिलांची ओळख झाली, आणि दोघं चहाला गेले ते तासानं परत आले.

संध्याकाळी हेड थंड झाल्यावर पाण्याची सगळी तोंडं पट्ट्या लावून बंद केली, आत हवेचा दाब दिला आणि कोमट पाण्याच्या टाकीत बुडवलं. पंधरा मिनिटांत एक बुडबुडा नाही.

---

उद्यमनगरी | १६ जून, रात्री १०:३०

डॉक्टरसाहेबांना नमस्कार सांगा. मिस्त्रींचा हात चांगला आहे.

आता पुढचं क्रमानं. गाइड काढण्याआधी जुन्या गाइडची स्प्रिंगच्या बैठकीवरची उंची मोजून लिहून ठेवा, नवीन तेवढ्याच उंचीला. गाइड बदलल्यावरच सीट कापायची, उलट नाही. सीटचा कटर गाइडमधूनच सरळ उभा राहतो. आणि फेसिंग शेवटी, इन्सर्ट आणि सीटचं काम झाल्यावर. ६ थाउ पोकळ आहे, ८ थाउच्या आत साफ झालं पाहिजे. किती काढलं ते हेडच्या बाजूला ठोकून ठेवा, पुढच्या माणसाला कळेल.

---

नवशिका | १७ जून, सकाळी ९:००

८ थाउ कमी केलं तर कॉम्प्रेशन वाढून पेट्रोलला खडखड येणार नाही का?

---

रॉकरशाफ्ट | १७ जून, दुपारी १२:४०

हिशोब करू. एका सिलिंडरचं आकारमान ३७२ सीसी. ७.२ ला १ चं प्रमाण धरलं तर वरची पोकळी ६० सीसी. ०.२ मिमी काढल्यानं पोकळी जेमतेम पाऊण सीसीनं घटते. प्रमाण ७.२ वरून ७.३ च्या आसपास. खडखड येणार नाही. खडखड यायची ती टायमिंग आणि कार्बनमुळे.

---

कुर्ला१०८९ | १७ जून, रात्री ८:१५

यानिमित्तानं पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बघून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणखी तापतो. मी सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट एक माप वाढवला, प्लगचा रंग पांढऱ्यावरून परत विटकरी आला.

---

मार्कफोर | २२ जून, रात्री १०:००

फेसिंग ७ थाउत साफ झालं. हेडच्या कडेला '७' ठोकला. गाइड आठही नवीन. सीट ३०-४५-६० अशा तीन कोनांत कापल्या, टेकायची पट्टी दीड मिमी, व्हॉल्व्हच्या उताराच्या बरोबर मध्यावर. निळा रंग लावून प्रत्येक व्हॉल्व्ह तपासला, मग फक्त बारीक पेस्टनं हलकं लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं). नंतर हेड उलटं ठेवून, प्लग लावून पोकळ्या डिझेलनं भरल्या (रॉकेल आता मिळत नाही) आणि रात्रभर सोडलं. सकाळी पोर्ट कोरडे.

एका जागी मी चूक करणार होतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची छोटी रबरी रिंग मी जुन्या सवयीनं कॉटर (स्प्रिंग अडकवून ठेवणारी खीळ) बसवण्याआधी कोरडीच सरकवत होतो. वडिलांच्या १९९०च्या दशकातल्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं : "रिंग ऑइलमध्ये भिजवून, स्प्रिंग दाबलेली असताना, कॉटरच्या खाली." कोरडी लावली की ती पिळवटते आणि सकाळी निळा धूर येतो. सायलेन्सरचा तो धूर आमच्याकडे कित्येक वर्षं होता.

ब्लॉकच्या स्टडांभोवतीचे कंगोरे हातानं काढले. ब्लॉकचा गाळ तारेनं आणि उलट्या धारेनं धुतला, दोन दिवस त्यातच गेले. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घेतल्या. नवीन थर्मोस्टॅट बसवला.

उद्या हेड चढवतो. गॅस्केटवर वरची बाजू आणि पुढची बाजू छापलेली आहे, ते बघूनच ठेवीन.

---

उद्यमनगरी | २२ जून, रात्री १०:२०

स्टडच्या आट्यांना ऑइलचा हात लावा, नट सगळे स्वच्छ. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, तीन टप्प्यांत. टॉर्क पाना शेवटच्या टप्प्यावर एका दमात ओढायचा, थांबत थांबत नाही.

टॅपेटला ९ चा नियम लावा : पुढून १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा ८ वा लावायचा. ३ उघडा तर ६ वा. ५ उघडा तर ४ था. बेरीज कायम ९. गॅप १५ थाउ.

---

मार्कफोर | २४ जून, रात्री ८:३०

चालू झालं. तिसऱ्या सेल्फला.

आधी वीस मिनिटं नुसतं चालू ठेवलं. थर्मोस्टॅट उघडला तेव्हा वरचा होज एकदम गरम झाला आणि काटा मध्याच्या थोडा खाली थांबला. बुडबुडे नाहीत. पूर्ण थंड होऊ दिलं आणि संध्याकाळी कॉम्प्रेशन घेतलं तर १४०, १३८, १४०, १४२. वडील बोनेटजवळ काठी टेकून उभे होते. म्हणाले, "आता तिसऱ्याचा आवाज आला."

---

लेस्टरहून | २४ जून, रात्री ९:००

यजमानांना वाचून दाखवलं. नायट्रोजनचा भाग त्यांना दोनदा सांगावा लागला! काकांना आमचा नमस्कार.

---

मार्कफोर | १९ जुलै, रात्री ९:१५

धागा वर आणतोय, कारण शेवटचे आकडे द्यायचे राहिले होते.

४०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर हेड परत टॉर्क केलं, एकेक नट किंचित सैल करून पुन्हा आवळला. मधले दोन नट जवळजवळ पाव आटा आत गेले. त्यानंतर टॅपेट परत लावले. आज ९५० किलोमीटर झाले. एक्झॉस्टचे चारही १५ थाउवरच आहेत, एकही हललेला नाही. ऑइलच्या झाकणाखाली साय नाही. कूलंट हिरवं, पातळी तशीच.

टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून थोडं ऑइल झिरपतंय. बुचाचं गॅस्केट आणलंय, येत्या रविवारी रंकाळ्याहून आल्यावर बदलतो.